सिग्नेचर टेस्टर घ्यायचाय, ड्राइव्ह आणि पीएलसी कार्डांसाठी कोणता बरा?

भोसरी_कार्डवाला

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं कार्ड रिपेअरचं छोटं दुकान आहे. येतं ते जास्त करून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), सर्व्हो ड्राइव्ह, पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची) इनपुट-आउटपुट कार्डं, सीएनसीचे पॉवर सप्लाय. सर्किट डायग्राम कशाचाच मिळत नाही. आयसीवरचे नंबरसुद्धा कधीकधी घासून टाकलेले असतात. मल्टिमीटर, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मीटर, एक जुना २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा सीआरओ (ऑसिलोस्कोप) आणि नाक, एवढ्यावर आजवर भागलंय.

अडचण अशी, की बरीच कार्डं सप्लाय न देताच तपासावी लागतात. गिऱ्हाईक म्हणतं "काही नाही हो, नुसता फॉल्ट दाखवत होता". आपण विश्वास ठेवून सप्लाय दिला की उरलंसुरलंही जातं आणि वर "तुमच्याकडे आणलं तेव्हा चांगलं होतं" हे ऐकावं लागतं. मीटरवर ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल देणारे आयसी), ड्रायव्हर आयसी सगळे धडधाकट दिसतात. मग एकेक बदलत बसायचं.

कोणीतरी सांगितलं की व्ही-आय सिग्नेचर टेस्टर घे, म्हणजे कार्डाला सप्लाय न देता व्होल्टेज-करंटची आकृती दाखवणारा. नेटवर पाहिलं तर एका टोकाला हजाराच्या आतले, दुसऱ्या टोकाला लाखांतले. माझं बजेट ३५-४० हजार, ताणलं तर थोडं वर. घ्यावा कोणता? आणि मुख्य म्हणजे माझ्याकडे जोडीचं चांगलं कार्ड जवळपास कधीच नसतं. मग तो टेस्टर घेऊन उपयोग आहे का?

बुधवारातला_मोबाइलवाला

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चाळीस हजार घालवू नका. आम्ही फोनचे बोर्ड दिवसभर मीटरच्या डायोड मोडवरच काढतो. लाल प्रोब ग्राउंडला, काळा एकेका लाइनवर, रीडिंग जुळलं नाही की पकडला. कुठल्या लाइनला किती यायला हवं त्याचे तक्ते तयार मिळतात. चांगला मीटर आणि थोडी सवय, बास.

ईटीसी_थर्ड_इयर

सर, ऑनलाइन तो छोटा टेस्टर मिळतो ना, तीन पिनांचा, स्क्रीनवाला? ट्रान्झिस्टर लावला की बेस, कलेक्टर, एमिटर सगळं चित्र काढून दाखवतो. आमच्या प्रोजेक्टला तोच वापरला. हजाराच्या आत येतो.

सहकारनगर_सीआरओवाली

तिघांनाही एकत्रच उत्तर देते. माझी नोकरी एका कारखान्याच्या टेस्टिंगमध्ये गेली. आमच्या टेबलावर हंट्रॉन कंपनीचा ट्रॅकर २००० हा सिग्नेचर टेस्टर असायचा. आता घरी जे येईल ते दुरुस्त करते.

थर्ड इयरवाल्या बाळा, तो तीन पिनांचा टेस्टर छान आहे. मार्कुस फ्रेयेक आणि कार्ल-हाइन्झ क्यूबेलर या जर्मन मंडळींनी ते डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणून आज तो इतका स्वस्त मिळतो. पण तो सुटा पार्ट ओळखायला. पार्ट बोर्डातून काढून त्यात लावायचा. बोर्डावर असताना लावला तर शेजारच्या रेझिस्टर-कपॅसिटरांमुळे काहीही सांगेल. आणि भरलेला कपॅसिटर लावलास तर तो टेस्टरच मरेल. इथे प्रश्न बोर्डावर असलेल्या पार्टचा आहे.

मोबाइलवाल्या दादांचं त्यांच्या धंद्यापुरतं बरोबर आहे. फोनचं एक मॉडेल लाखोंनी विकलं जातं, म्हणून तक्ते मिळतात. भोसरीत येणाऱ्या वीस वर्षं जुन्या ड्राइव्हचा तक्ता कोण करणार? शिवाय डायोड मोड मिलिअँपिअरच्या आसपास करंट सोडतो, एकाच दिशेने, आणि एक आकडा सांगतो. सिग्नेचर टेस्टर दोन टोकांमध्ये एसी लावतो, व्होल्टेज आडवं आणि करंट उभा काढतो. दोन्ही दिशांचा पूर्ण प्रवास दिसतो. ओपन असेल तर आडवी रेघ, शॉर्ट असेल तर उभी, रेझिस्टर तिरका, कपॅसिटरची लंबगोल, डायोडचा एक कोपरा, झेनरचे दोन कोपरे. लीकेज असेल तर कोपरा काटकोनात न वळता गोलसर होतो, आणि तो गोलसरपणा मीटरच्या आकड्यात दिसत नाही. बोर्डावर ही सगळी चित्रं एकमेकांत मिसळून येतात. त्यामुळे चित्र वाचून पार्ट ओळखायच्या भानगडीत पडायचं नाही, शेजारच्या चित्राशी ताडून बघायचं.

आता घेताना काय बघायचं. लोक स्क्रीन नि सॉफ्टवेअर बघतात. मी आधी विचारते की व्होल्टेज किती पायऱ्यांत बदलतं, आतला रेझिस्टन्स किती पायऱ्यांत बदलतो आणि फ्रिक्वेन्सी बदलते का. का ते सांगते.

व्होल्टेज. सिलिकॉन जंक्शन साधारण ०.६ व्होल्टला चालू होतं. टेस्टर ०.२ व्होल्टावर उतरत असेल तर आयसी, डायोड सगळे गप्प राहतात, फक्त रेझिस्टर, कपॅसिटर आणि खरे शॉर्ट दिसतात. उलट ड्राइव्हमधल्या पॉवर स्विचच्या (मॉसफेट, आयजीबीटी) गेटवर १५-१८ व्होल्टचे झेनर असतात. टेस्टर १० व्होल्टांच्या पुढे जात नसेल तर ते झेनर तुला कधीच दिसणार नाहीत, फुटलेले सोडून. मात्र मॉसफेट-आयजीबीटीच्या गेटची मर्यादा बहुधा २० व्होल्ट असते. ट्रॅकरला ६० व्होल्टची रेंज होती, ती गेटवर लावायची नाही असं आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी बजावायचे.

रेझिस्टन्स. त्याच ट्रॅकरच्या लो रेंजला पीक १० व्होल्ट आणि आत ५४ ओहम. शॉर्टवर १३० मिलिअँपिअरच्या घरात करंट जातो. पॉवर डायोडला काही होत नाही, नाजूक आयसीच्या पिनला मात्र तो जास्त झाला. म्हणून कमी-जास्त करता यायला हवा.

फ्रिक्वेन्सी. ही गोष्ट कागदावरच मांडून बघ. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ३.२ किलोओहम, ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे ३२ किलोओहम, आणि १००० मायक्रोफॅरड म्हणजे ३ ओहम. आत १ किलोओहम असेल तर ०.१ चा कपॅसिटर जवळजवळ ओपन दिसेल आणि १००० चा चांगला कपॅसिटर सरळ शॉर्ट. दोष कशातच नाही! २ किलोहर्ट्झवर गेलं की तोच ०.१ मायक्रोफॅरड ८०० ओहमच्या आसपास येतो आणि छान गोल उमटतो. ट्रॅकरवर ५०/६०, ४०० आणि २००० हर्ट्झ होते ते यासाठीच. इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर मात्र यावर बघू नकोस, तुझा ईएसआर मीटरच ते काम करेल.

माझं मत विचारशील तर आत्ता काहीच विकत घेऊ नकोस. सीआरओ आहे ना? तापकीर गल्लीतून एक ६-०-६ चा ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आण. सेकंडरीचं एक टोक लाल प्रोबला आणि सीआरओच्या एक्सला. काळा प्रोब सीआरओच्या ग्राउंडला. ग्राउंडपासून १ किलोओहम, आणि त्याचं दुसरं टोक सेकंडरीच्या मधल्या ० च्या वायरला, तिथेच सीआरओचा वाय. वाय उलटा कर, म्हणजे इन्व्हर्ट दाब, नाहीतर चित्र खाली डोकं वर पाय येतं. सीआरओ एक्स-वाय मोडवर. परदेशात याला ऑक्टोपस म्हणतात आणि तो कित्येक दशकं चालत आलाय. रोटरी स्विच लावून १०० ओहम, १ के, १० के असे तीन रेझिस्टर टाक. १०० चा मात्र १ वॉटचा घे, पाव वॉटचा शॉर्टवर तापेल.

जुना सीआरओ बदलायचाच असेल तर हॅमेगचे एचएम २०३-६ सारखे मॉडेल बघ, त्यांत कम्पोनंट टेस्टरचं बटण आयतं असतं. ५० हर्ट्झ एवढीच फ्रिक्वेन्सी, आणि एक टोक सीआरओच्या बॉडीला जोडलेलं, एवढं ध्यानात ठेवायचं.

भोसरी_कार्डवाला

ताई, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. ट्रान्सफॉर्मर आणतोच.

पण दोन शंका. जोडीचं कार्ड नसेल तर ताडून बघायचं कशाशी? आणि माझ्याकडच्या निम्म्या कार्डांवर कोटिंगचा थर असतो, प्रोब टेकला तरी काही लागत नाही. चित्र आडवी रेघ दाखवेल आणि मी त्याला ओपन समजेन.

चाकण_मेंटेनन्स

मध्येच लिहितो. आमच्या प्लांटमध्ये फाडोस आहे, तुर्कस्तानचा. यूएसबीनं कॉम्प्युटरला लावायचा, दोन चॅनल, चांगलं आणि बिघडलेलं कार्ड शेजारी ठेवून दोन्हीच्या आकृत्या एकावर एक येतात. आम्हाला त्याचा सगळ्यात मोठा फायदा साठवण्याचा. कार्डाचा फोटो घेऊन त्यावर पॉइंट टाकायचे आणि आकृत्या सेव्ह करायच्या. नवं स्पेअर आलं की लाइनवर लावण्याआधी मी त्याच्या आकृत्या घेऊन ठेवतो. वर्षभरानं तेच कार्ड मेलं की जोडी घरात तयार.

पण माझ्याकडे पंचवीस मशीन एकाच जातीची आहेत, म्हणून हे जमतं. तुमच्या दुकानात रोज वेगळं कार्ड. साठवणार कशाचं? त्यासाठी पैसे मोजायचे असतील तर दोनदा विचार करा. बाहेरून मागवलात तर कस्टम ड्यूटी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरूनच बजेट मांडा. मोठं घ्यायचं झालं तर चेन्नईच्या क्यूमॅक्सचे बोर्ड टेस्टर आपल्या देशातलेच आहेत, पण ते तुमच्या बजेटच्या गावचे नाहीत.

अजून एक. आकृती साठवताना आयसीचा मेक लिहून ठेवायचा. आमच्या एका कार्डावर आरएस-४८५ चा (दोन वायरींवरून डेटा पाठवणारा) आयसी एका कंपनीचा होता, पुढच्या लॉटमध्ये दुसरीचा. दोन्ही कार्डं व्यवस्थित चालणारी, आकृती वेगळी. आमच्या पोरानं चांगला आयसी उपटून काढला.

कॉम्प्युटरवाला कुठलाही टेस्टर घेतलात तर काम करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. कार्ड दुसरीकडून अर्थला लागलेलं असेल तर आकृतीत नको ते मिसळतं.

सहकारनगर_सीआरओवाली

चाकणकरांनी आयसीच्या मेकचं सांगितलं ते लाख मोलाचं. ७४एलएस आणि ७४एचसी तर नंबर सारखा असून दिसायला अगदीच निराळे.

आता जोडीचं कार्ड. ते बहुतेक वेळा त्याच कार्डावर असतं. १६ आउटपुटच्या पीएलसी कार्डावर तेच सर्किट १६ वेळा मांडलेलं असतं. काळा प्रोब कॉमनला, लाल एकेका आउटपुटवर फिरव. पंधरा सारखे आणि एक वेगळा दिसला की काम झालं. वेगळे तीन-चार निघाले तर कॉमनचा पट्टा कुठे तुटलाय का ते आधी बघ. आरएस-४८५ वर ए आणि बी या दोन लाइन एकमेकींशी ताड. वीज पडून आलेल्या कार्डावर बऱ्याचदा त्यातली एकच तिरकी झालेली असते. पूर्ण शॉर्ट नसते, म्हणून मीटर ओरडत नाही.

ड्राइव्हमध्ये सहा गेट असतात. इथे एक खाचखळगा आहे. वरच्या तीन गेटना प्रत्येकी वेगळा सप्लाय असतो आणि खालच्या तिन्हींना पुष्कळदा एकच सामाईक. त्यामुळे वरचे नि खालचे सारखे दिसले नाहीत तर घाबरायचं नाही. वरचे तीन आपसांत ताड, खालचे तीन आपसांत. टीएलपी २५० किंवा ए ३१२० सारखे ऑप्टो, गेट रेझिस्टर, झेनर, सगळं एकत्र दिसतं. आकृती कशी का येईना, तिघांची एक हवी. मॉड्यूल (आयजीबीटींचा ठोकळा) जोडलेलं असताना एकदा बघ आणि काढून एकदा. जोडलेलं असताना गेटची कपॅसिटी मिसळते आणि रेघ थोडी फुगते. तीही तिघांची सारखीच फुगायला हवी. सुट्या मॉड्यूलच्या गेट-एमिटरवर जवळपास आडवी, बारीक लंबगोल यायला हवी. ती कलती झाली की गेट गळतंय.

कोटिंगसाठी साध्या मीटरचे प्रोब चालत नाहीत. शिवणाच्या सुईला वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक चढव, किंवा टोकदार पोगो पिन घे. पिनवर न टोचता सोल्डरच्या फुगवट्यावर टोच, तिथे धार धरते. आडवी रेघ आली की लगेच ओपन म्हणायचं नाही, त्याच नेटवरच्या, म्हणजे त्याच पिनला जोडलेल्या, दुसऱ्या जागी टोचून बघायचं.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे: ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस, म्हणजे आतल्या मोठ्या कपॅसिटरांची लाइन, ५८५ व्होल्टच्या आसपास भरलेला असतो. तो उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल तर तो तासन्‌तास तसाच राहतो. १०० वॉटचे दोन बल्ब सीरीजमध्ये लावून उतरव, मग मीटरनं खात्री कर, मगच प्रोब. टेस्टर हजाराचा असो की लाखाचा, बसवर टेकवलास तर दोन्ही सारखेच जातील.

बुधवारातला_मोबाइलवाला

ताई, मानलं. आरएस-४८५ वाली गोष्ट आमच्याकडे चार्जिंगच्या डेटा लाइनला पण लागू पडेल, प्लस-मायनस ताडायला. बघतो करून.

भोसरी_कार्डवाला

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते म्हणून दुकानात निवांत बसून बनवला. तापकीर गल्लीत ट्रान्सफॉर्मर मिळाला, रोटरी स्विच शोधायला पासोड्या विठोबापर्यंत फिरावं लागलं. जुन्या एसएमपीएसच्या डब्यात बसवलाय.

१५ एचपीचा एक ड्राइव्ह पडून होता, आउटपुट फेज फॉल्टवाला. मॉड्यूल मीटरवर ठीक. मॉड्यूल काढून ड्रायव्हर बोर्डचे गेट बघितले, १० के वर. ६ व्होल्टला खालचे तिन्ही एकसारखे. वरच्यांत (यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेजचे) यू आणि डब्ल्यू सारखे, व्ही किंचित तिरका, पण इतका थोडा की मला आधी डोळ्यांचा भास वाटला. मग तुम्ही झेनरचं म्हणालात म्हणून सेकंडरीची दोन्ही टोकं वापरून १२ व्होल्ट केले. आता यू आणि डब्ल्यूला एका बाजूला टोकाशी स्पष्ट कोपरा येतो. व्हीला तो कोपरा बराच आधीपासून वाकायला लागतो, गोलसर. ऑप्टो बदलू का? माझ्याकडे स्टॉकमध्ये आहे.

सहकारनगर_सीआरओवाली

थांब, ऑप्टोला हात लावू नकोस अजून.

पहिलं, तुझे १२ व्होल्ट खरंच १२ आहेत का ते मोज. छोटा ट्रान्सफॉर्मर लोड नसताना लिहिल्यापेक्षा बराच जास्त देतो. १२ चे १४ निघाले तर पीक २० च्या घरात जातं. आत्ता मॉड्यूल काढलेलं आहे म्हणून चालतंय, मॉड्यूल जोडून हेच करायचं असेल तर आधी व्होल्टेज उतरवायला हवं.

दुसरं, व्ही गेटचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं धू, वाळू दे, गरम हवा थोडी मार आणि पुन्हा बघ. सीएनसीच्या शॉपमधला ड्राइव्ह असेल तर कूलंटचा ओशटपणा आणि बारीक धातूची धूळ मिळून असाच गोल कोपरा काढतात. धुतल्यावर कोपरा धारदार झाला तर पार्ट बदलायचं कारणच नाही, बाकी बोर्डही धुऊन घे.

तसाच राहिला तर झेनरचं एक टोक उचल. एसएमडी असेल तर आख्खा काढ. सुट्यावर १० के नि १२ व्होल्टला बघ, शेजारी यूचा झेनरही काढून ठेव ताडायला. झेनर चांगला निघाला तरच ऑप्टो. आणि ऑप्टो बदलायची वेळ आलीच तर त्याच्या सप्लायच्या दोन कपॅसिटरांचा ईएसआर आधी घे. वरच्या गेटचा तो छोटा सप्लाय ड्राइव्हमध्ये सगळ्यात गरम कोपऱ्यात असतो आणि फेज फॉल्टचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं.

धुऊन झालं की व्हीचा नि डब्ल्यूचा सीआरओचा फोटो शेजारी-शेजारी टाक. व्होल्ट पर डिव्हिजन दोन्हीला एकच ठेव.